अप बाकची लढाई आणि खोटा रिपोर्ट

गेल्या सत्रात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण हा लेख त्या चुकीतूनच आला आहे.

रात्रीचा रूट मार्च होता. आमच्या सेक्शनमध्ये मी धरून दहा कॅडेट होते आणि सेक्शनची जबाबदारी माझ्याकडे होती. परत आल्यावर फॉल-इन झाले. मी मोजले तर नऊच. एकजण मागे रेंगाळला असेल, बुटाची नाडी बांधत असेल, असे मला वाटले. बाकी सगळ्या सेक्शनांचे रिपोर्ट झाले होते आणि आमच्यासाठी सारे हाउस खोळंबले होते. मी पुढे झालो आणि खणखणीत आवाजात सांगितले, "ऑल प्रेझेंट, सर!"

दिवे मालवायच्या वेळी त्याची खाट रिकामी दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी धावत जाऊन हाउस मास्टर सरांना खरे ते सांगितले. पाय मुरगळून तो ओढ्यावरच्या मोरीवर एकटाच बसला होता. त्याला उचलून आणले तेव्हा घोटा सुजून टम्म झाला होता. तो मला काहीच बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

मला वाटले होते, आता रिस्ट्रिक्शन्स मिळणार. सरांनी वेगळीच शिक्षा दिली. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात लष्करी इतिहासाच्या तासाला तू अप बाकच्या लढाईवर बोलायचे. सॅण्ड मॉडेल करून. तू दिलास तसाच रिपोर्ट देत बसलेल्या एका अख्ख्या सरकारची गोष्ट आहे ती." त्या तासासाठी जे वाचले, ते मराठी पानाच्या वाचकांसाठी इथे मांडतो.

दोन व्हिएतनाम

१९५४ साली दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पराभव झाला आणि जुलैमध्ये जिनिव्हा करार झाले. १७ अंश अक्षवृत्तालगत व्हिएतनामचे तात्पुरते दोन भाग करण्यात आले. उत्तरेत हो ची मिन्ह यांचे कम्युनिस्ट सरकार होते. दक्षिणेत आधी सम्राट बाओ दाई यांचे आणि पुढे पंतप्रधान न्गो दिन्ह दिएम यांचे राज्य होते. जुलै १९५६ मध्ये निवडणुका घेऊन देश पुन्हा एक करायचा, असे ठरले होते. कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि कॅनडा व पोलंड हे सदस्य होते. त्या काळी आपल्या सैन्यातले अधिकारी आणि जवान या कामासाठी तिकडे जात, हे मला पूर्वी माहीत नव्हते.

ती निवडणूक झालीच नाही. दिएम यांनी ऑक्टोबर १९५५ मध्ये सार्वमत घेऊन बाओ दाई यांना बाजूला केले आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याला ९८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, असे त्यांनी जाहीर केले. सायगाव शहरात तर नोंदलेल्या मतदारांपेक्षा पडलेली मतेच जास्त भरली! इथेच पहिला खोटा आकडा आला. लोक आपल्यावर खरेच किती खूश आहेत, हे कळण्याचा रस्ता त्या सरकारने स्वतःच्या हाताने बंद केला.

पुढे गावोगावी धरपकड सुरू झाली. १९५९ च्या १०/५९ या कायद्याने फिरती लष्करी न्यायालये आली आणि ती मृत्युदंडही देऊ शकत. त्याच वर्षी उत्तरेने दक्षिणेतल्या सशस्त्र लढ्याला मान्यता दिली आणि लाओसमधून माणसे व हत्यारे आणण्याचा मार्ग उभा करायला घेतला. तोच पुढे हो ची मिन्ह मार्ग म्हणून प्रसिद्ध झाला. २० डिसेंबर १९६० रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. तिच्या लढवय्यांना सरकारी बाजू व्हिएत काँग म्हणू लागली.

जून १९६२ मध्ये देखरेख आयोगाचा विशेष अहवाल आला. उत्तरेकडून दक्षिणेत माणसे आणि शस्त्रे येत आहेत, आणि अमेरिकेची लष्करी मदतही कराराच्या मर्यादेबाहेर गेली आहे, असे त्यात भारत आणि कॅनडा यांनी मिळून नोंदवले. पोलंडने मतभेद नोंदवला. दोन्ही बाजूंच्या चुका एकाच कागदावर लिहिल्या गेल्या, याचे मला कौतुक वाटले.

सैन्य कोणासाठी?

दिएम यांना दोन भीती होत्या. एक व्हिएत काँगची आणि दुसरी स्वतःच्या सैन्याची. दुसरी भीती अगदी खोटी नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये छत्रीधारी सैनिकांनी बंड करून त्यांच्या राजवाड्याला वेढा घातला होता आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांच्याच हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी राजवाड्यावर बॉम्ब टाकले होते.

परिणाम असा झाला की अधिकाऱ्याची बढती लढाईतल्या कर्तबगारीपेक्षा निष्ठेवर ठरू लागली. चांगल्या तुकड्या सायगाव राखण्यासाठी हाताशी ठेवल्या जात. प्रांतप्रमुख थेट दिएम यांना जबाबदार असत. त्यामुळे एकाच मैदानावर डिव्हिजन कमांडरचा हुकूम एक आणि प्रांतप्रमुखाचा दुसरा, असे होई. त्यात दिएम यांची ताकीद होती की माणसे गमावू नका. जवानांचा जीव जपावा, हे ऐकायला चांगले वाटते. पण इथे कारण निराळे होते. सैन्य झिजले तर गादी कोण राखणार?

मेकाँग खोऱ्यातल्या सातव्या डिव्हिजनचे प्रमुख हुइन्ह वान काओ यांना १९६२ च्या शरद ऋतूत एका चकमकीतल्या हानीबद्दल बोलणी खावी लागली. त्यानंतर ते जिथे शत्रू नाही अशी खात्री असेल, तिथेच मोहिमा आखू लागले. मोहिमांची संख्या भरपूर दिसे. कागदी घोडे नाचवणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडले नाही. या काओंना बढती मिळून ते कोअर कमांडर झाले.

बांबूच्या कुंपणातली गावे

१९६२ मध्ये व्यूहात्मक वाड्यांची योजना धडाक्यात सुरू झाली. कल्पना अशी की खेड्यातल्या लोकांना खंदक आणि बांबूच्या कुंपणाने संरक्षित वाडीत राहायला लावायचे, त्यांना हत्यारे द्यायची, म्हणजे गनिमांना अन्न, बातमी आणि नवी पोरे मिळणार नाहीत. मलायात ब्रिटिशांनी असे केले होते आणि तिथले अनुभवी रॉबर्ट थॉम्पसन सायगावला सल्ला देत होते. त्यांचे म्हणणे होते की सुरक्षित भागापासून सुरुवात करून तेलाच्या डागासारखे हळूहळू पसरावे.

दिएम यांचे धाकटे भाऊ न्गो दिन्ह न्हू यांना मात्र आकडा हवा होता. मग जिल्हा अधिकारी आकडा देऊ लागले. कुठे चार बांबू रोवले की वाडी झाली. शेतकऱ्याला पिढीजात घर आणि वाडवडिलांच्या समाध्या सोडाव्या लागत, वर कुंपणासाठी फुकट राबावे लागे. १९६३ च्या मध्यापर्यंत सात हजारांहून अधिक वाड्या पूर्ण झाल्याचे सरकार सांगत होते. बडा घर पोकळ वासा!

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढेच आहे. योजनेवर देखरेख करणाऱ्यांपैकी कर्नल फाम न्गोक थाओ हे आतून कम्युनिस्टांचे हेर होते. त्यांनी काय केले? घाई करा, आणखी वाड्या उभारा, असाच आग्रह धरला. कारण घाई जितकी जास्त तितके लोक चिडणार. जे सरकार फक्त आकडाच बघते, त्याला बुडवायला शत्रूला वेगळे काही करावेच लागत नाही.

२ जानेवारी १९६३

आता लढाईकडे वळू. सॅण्ड मॉडेलवर मी कालव्यांसाठी निळी लोकर, झाडीसाठी कडुनिंबाच्या डहाळ्या आणि चिलखती गाड्यांसाठी काडेपेट्या वापरल्या. अप बाक हे सायगावच्या नैऋत्येला, मी थो शहराजवळचे छोटे खेडे. चारी बाजूंना चिखलाची भातखाचरे, बांध आणि कालवे. गावाभोवतीच्या झाडीत बांधांवर व्हिएत काँगनी खोल खड्डे खणून वरून झाकले होते. समोरचे मोकळे शेत त्यांना स्पष्ट दिसत होते, पण ते विमानातूनही दिसत नव्हते.

त्यांचा एक रेडिओ तिथून बोलतो आहे, एवढे सरकारी बाजूला कळले होते. तिथे फार माणसे नसावीत, असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे ३५० जण होते. त्यांच्यावर सरकारी बाजूने चौदाशेच्या आसपास सैनिक, हेलिकॉप्टर, तोफा, विमाने आणि एम-११३ चिलखती गाड्यांची एक कंपनी आली. डिव्हिजनचे नवे कमांडर कर्नल बुई दिन्ह दाम होते. त्यांचे अमेरिकी सल्लागार लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल व्हॅन छोट्या टेहळणी विमानातून वर घिरट्या घालत होते.

योजना तीन बाजूंनी चाल करण्याची होती. उत्तरेकडे हेलिकॉप्टरने पायदळ उतरायचे, दक्षिणेकडून प्रांतप्रमुखाच्या हाताखालचे नागरी रक्षक दल यायचे आणि पश्चिमेकडून चिलखती गाड्या. धुक्यामुळे पायदळाच्या पुढच्या फेऱ्या उशिरा आल्या. दक्षिणेचे रक्षक दल झाडीतून आलेल्या गोळीबारात सापडले आणि तिथेच अडकले. प्रांतप्रमुखाने त्यांना पुढे रेटले नाही.

साडेदहाच्या सुमारास राखीव तुकडी घेऊन दहा हेलिकॉप्टर आली आणि पश्चिमेच्या झाडीच्या फार जवळ उतरली. झाडीतून नेम धरून गोळीबार सुरू झाला. सोबतच्या संरक्षक हेलिकॉप्टरांसह एकूण पाच हेलिकॉप्टर त्या दिवशी गमवावी लागली. उतरलेले सैनिक बांधाआड आडवे पडून राहिले.

त्यांना सोडवायला कॅप्टन ली तोंग बा यांच्या एम-११३ गाड्या निघाल्या. वाटेत कालवे होते. शिवाय नेमका कोणाचा हुकूम मानायचा, हाही प्रश्न होता. व्हॅन वरून रेडिओवर ओरडत होते, पण सल्लागाराला हुकूम देण्याचा अधिकार नसतो. गाड्या पोचेपर्यंत दुपार उलटली. आल्या त्याही एकदम न येता एकेक दोनदोन करून. त्यांच्या मशीनगनवाल्याला कंबरेच्या वर आडोसा नव्हता आणि झाडीतल्या नेमबाजांनी त्यांनाच टिपले. चौदा गनर मारले गेले. याआधी या गाड्या दिसताच व्हिएत काँग उघड्यावर पळत आणि मारले जात. या वेळी त्यांना हुकूम होता की जागा सोडायची नाही, आणि त्यांनी ती सोडली नाही.

आता पूर्वेची बाजू तेवढी मोकळी होती. छत्रीधारी बटालियन तिथे उतरवून कोंडी पूर्ण करा, असे व्हॅन सांगत होते. वरिष्ठांनी ती संध्याकाळी पश्चिमेला उतरवली, म्हणजे जिथे आपलीच माणसे होती तिथे! अनेकांच्या मते काओंना आणखी लढाई नकोच होती. अंधार पडल्यावर व्हिएत काँग आपले जखमी घेऊन पूर्वेकडून निघून गेले.

सरकारी बाजूचे सुमारे ८० सैनिक आणि तीन अमेरिकी मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले. व्हिएत काँगच्या नोंदीप्रमाणे त्यांचे १८ ठार आणि ३९ जखमी झाले.

लढाईनंतरची लढाई

दुसऱ्या दिवशी नील शीहान, डेव्हिड हॅल्बरस्टॅम आणि पीटर आर्नेट हे वार्ताहर तिकडे गेले होते. अमेरिकी सेनानी जनरल पॉल हार्किन्स यांनी पत्रकारांना सांगितले की शत्रू सापळ्यात सापडला आहे आणि आता सापळा मिटायचा तेवढा राहिला आहे. त्या वेळी गावात शत्रूचा एकही माणूस उरलेला नव्हता. पुढे हार्किन्स यांनी हा विजय असल्याचेच म्हटले, कारण ठरलेले ठिकाण ताब्यात आले होते.

व्हॅन यांनी मात्र जे पाहिले ते लिहून वर पाठवले. कोण पुढे गेले नाही, कोणाचा हुकूम मोडला गेला, सगळे. त्याचा उपयोग झाला नाही. अमेरिकेला परतल्यावर जुलै १९६३ मध्ये सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांपुढे बोलण्याची वेळ त्यांना मिळाली होती, तीही ऐनवेळी रद्द करण्यात आली. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी एक सेनाधिकारी आणि एक मुत्सद्दी अशा दोघांना पाहणीसाठी पाठवले. जनरल क्रुलाक म्हणाले, युद्ध छान चालले आहे. मेंडेनहॉल म्हणाले, सरकार कोसळायला आले आहे. तेव्हा केनेडींनी विचारले की तुम्ही दोघे एकाच देशात गेला होतात ना?

व्हिएत काँगकडे लढाईनंतर बसून टीका आणि आत्मटीका करण्याची पद्धत होती. जिंकल्यावरही ती चुकत नसे. उत्तरेने अप बाकचा प्रचार खूप केला, पण खड्डे कसे खणायचे आणि हेलिकॉप्टरवर नेम कसा धरायचा, हे धडे त्यांनी आपल्या तुकड्यांना शिकवलेही.

सरकार कोसळते

८ मे १९६३ रोजी ह्वे शहरात बुद्धजयंतीला धर्मध्वज लावण्याच्या बंदीवरून जमलेल्या लोकांवर सरकारी दलांनी बळाचा वापर केला आणि त्यात काहीजण मेले. सरकारने सांगितले, हे काम व्हिएत काँगचे. कोणीच विश्वास ठेवला नाही. ११ जूनला सायगावच्या चौकात वृद्ध भिक्षू थिच क्वांग डुक यांनी स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. त्यांचे छायाचित्र जगभर गेले. ऑगस्टमध्ये न्हू यांच्या दलांनी देवळांवर छापे घातले.

१ नोव्हेंबरला जनरल दुओंग वान मिन्ह यांच्या नेतृत्वाखाली सेनापतींनी बंड केले. आपण मध्ये पडणार नाही, हे अमेरिकेने त्यांना आधीच कळवले होते. काओ दिएम यांच्याशी खरोखर निष्ठावान होते. पण बंडवाल्यांनी सातवी डिव्हिजन आधीच ताब्यात घेतली आणि मी थो इथल्या तराफा सायगावच्या तीरावर नेऊन ठेवल्या. ज्यांना निष्ठेसाठी मोठे केले, ते पलीकडच्या काठावर अडकले. दुसऱ्या दिवशी दिएम आणि न्हू पकडले गेले आणि एका एम-११३ गाडीत त्यांची हत्या झाली.

नव्या राज्यकर्त्यांनी पाहिले तेव्हा त्या हजारो वाड्यांपैकी बऱ्याच फक्त कागदावर निघाल्या. तीन महिन्यांत दुसरे बंड होऊन न्गुयेन खान्ह सत्तेवर आले. १९६३ च्या अखेरीस दक्षिणेत सुमारे १६,००० अमेरिकी सैनिक सल्लागार म्हणून होते. १९६५ पासून लढाऊ फौजा आल्या आणि युद्ध आणखी दहा वर्षे चालले.

आपल्यासाठी धडे

पहिला धडा कमांडचा. एका मैदानावर एकच कमांडर हवा. कॅप्टन बा यांना नेमका कोणाचा हुकूम हे स्पष्ट असते, तर ते लवकर पोचले असते.

दुसरा धडा यंत्रांचा. हेलिकॉप्टर आणि चिलखत ज्याच्याकडे तो जिंकतो, असे मी समजत होतो. जमीन, आडोसा आणि शिस्त यांनी त्या दिवशी यंत्रांना रोखले.

तिसरा धडा रिपोर्टचा. माझ्या तासाला आमच्या वर्गातल्या एका मित्राने विचारले, "खालचे खोटे का बोलत होते? सगळेच भित्रे होते का?" मी थोडा अडखळलो. मग म्हणालो, नाही. कॅप्टन बा शूर होते. पण वरच्याला वाईट बातमी नको असते तेव्हा चांगली माणसेही होयबा होतात. काओंनी हानी कळवली, तर बोलणी खाल्ली. काही न करता सगळे ठीक आहे म्हटले, तर बढती मिळाली. ही शिकवण कोणीही पटकन शिकेल. म्हणून खरे सांगणे ही खालच्याची जबाबदारी असली, तरी खरे ऐकून घेणे ही वरच्याची जबाबदारी आहे.

इथे आणखी एक कबुली. व्हिएतनामच्या नेत्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून युद्ध जिंकले, असा मजकूर आपल्या घरोघरी फोनवर येतो. मला त्यानेच व्याख्यान सुरू करायचे होते. सर म्हणाले, "पुरावा आण." मी दोन आठवडे शोधले आणि एकही मूळ पुरावा मिळाला नाही, म्हणून मी ते वाक्य काढले. काढताना वाईट वाटले. पण ज्या राजाचे हेरखाते खऱ्या बातमीवर चालत असे, त्याची थोरवी सांगायला आपण खोटी बातमी का वापरावी?

माझे बाबा सैन्यात सुभेदार आहेत. रविवारी फोनवर मी त्यांना रूट मार्चची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाळा, रिपोर्ट देताना साहेबाच्या तोंडाकडे बघू नको. आपल्या माणसांकडे बघ, मोज, आणि मग बोल."

त्या रात्री 'नऊ हजर, एक नाही' एवढेच म्हणायला हवे होते. सरांचा आवाज चढला असता, सगळ्या हाउसला आणखी दहा मिनिटे उभे राहावे लागले असते, आणि माझा मित्र अंधारात एकटा बसला नसता. आता त्याचा पाय बरा आहे. व्याख्यानाच्या दिवशी सॅण्ड मॉडेल उचलायला तोच पुढे आला होता. पुढच्या मार्चला सेक्शन पुन्हा माझ्याकडे आहे. मी दोनदा मोजणार आहे.

जय हिंद!